थेट परकीय गुंतवणुकीतलं 'थेट'

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय की 'थेट परकीय गुंतवणूक' (एफडीआय) म्हणजे सरकारला न विचारता थेट येणारी गुंतवणूक का. नाही ओ ताई. विनापरवानगी येते तो ऑटोमॅटिक रूट, ते प्रकरणच वेगळं, आणि मंजुरी घेऊन आलेली सुद्धा थेटच असते की. 2020 ला सरकारनं चीन वगैरे सीमेला लागून असलेल्या देशांतल्या पैशाला मंजुरी सक्तीची केली, तरी नाव तेच राहिलं.

थेट भरती, थेट प्रक्षेपण, थेट पुण्याची गाडी, सगळीकडे मधे कुणी नाही असाच अर्थ घ्यायची आपल्याला सवय, म्हणून घोळ होतो. इथं थेट म्हणजे कारभारात हात. समजा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात जर्मन कंपनीनं भागीदारी घेतली, आपला डायरेक्टर बसवला, कुठले लूम आणायचे यात बोलायला लागली, तर ती थेट. नुसते थोडे शेअर घेऊन भाव वाढायची वाट बघत बसली तर पोर्टफोलिओ. आपल्याकडे रेघ 10 टक्क्यांवर मारलीय, लिस्टेड म्हणजे शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत तेवढा किंवा जास्त हिस्सा असला की थेट, आणि अनलिस्टेडमधे टक्के बघतच नाहीत, कितीही हिस्सा असो, थेटच. टॉवेल एक्स्पोर्ट करून डॉलर येतात ते यातलं काहीच नाही, ती विक्रीची कमाई. पण सोलापुरात बाहेरचा पैसा म्हटलं की सगळं एकाच पोत्यात.

हा फरक अर्थशास्त्रवाले इतका धरून बसतात कारण शेअरमधला किंवा थोड्या मुदतीच्या कर्जातला पैसा घाबरला की पळतो, 1997 ला थायलंड, इंडोनेशियात तेच झालं, कारखान्यात घातलेला मात्र एका रात्रीत उचलून नेता येत नाही. तरी थेट आली म्हणजे नवे लूम आले, नोकऱ्या आल्या असं धरू नका, चालू कारखान्याचा नुसता मालक बदलला तरी आकडा तेवढाच दिसतो. गंमत म्हणजे ही 'थेट' गुंतवणूक भारतात सगळ्यात जास्त येते ती सिंगापूर आणि मॉरिशसमार्गे, त्यातला बराच पैसा मूळचा तिसऱ्याच देशातला.

परकीय की विदेशी असंही विचारलंय, दोन्ही चालतं, पेपरात दोन्ही येतं. मला 'परकीय' ऐकलं की आधी परकीय सत्ताच आठवते म्हणून मी विदेशी लिहितो, बोलताना सरळ एफडीआय.