सायकल-सल्ला: हायड्रॉलिक डिस्क ब्रेक

पावसाळा सरत आला की या सदराकडे ब्रेकचे प्रश्न वाढतात. उत्तरांआधी एक तपासणी सर्वांनीच करून पाहावी. सायकल उभी ठेवा आणि लिव्हर दाबा. लिव्हर टणक लागत असेल आणि तरीही चालत्या सायकलचा वेग कमी होत नसेल, तर दोष पॅडमध्ये (डिस्कला घासून थांबवणाऱ्या तुकड्यांत) किंवा डिस्कच्या पृष्ठभागावर आहे. लिव्हर मऊ दबत असेल, हँडलपर्यंत येत असेल, तर दोष ऑइलमध्ये किंवा नळीत शिरलेल्या हवेत आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच जणांनी टणक लिव्हरचा ब्रेक ब्लीड करून घेतला, म्हणजे आतली हवा काढून ऑइल बदलून घेतले, आणि पैसे घालवले. दोष होता तो तेलकट पॅडमध्ये.

प्रश्न : पाचगणीहून पसरणी घाटाने उतरताना निम्म्या वाटेत मागच्या ब्रेकचा लिव्हर एकदम हँडलला टेकला. वाईत पोहोचून थोडा वेळ थांबलो तर पूर्वीसारखा टणक. ब्रेक बिघडला समजायचे का? (वाचक, वाई)

कॅलिपरमधले, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पिस्टनच्या भागातले, ऑइल उकळले होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर रिकामा गेला. ऑइल निवल्यावर वाफेचा पुन्हा द्रव झाला आणि लिव्हर परत आला. ‘आपोआप बरा झाला’ म्हणून हा प्रकार सोडून देऊ नका. पुढच्या उतारावर तो पुन्हा होणार.

उष्णता किती, याचा हिशेब करू. पाचगणी ते वाई उंचीचा फरक सुमारे साडेपाचशे मीटर आहे. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर उतरताना जवळपास ५ लाख ४० हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. दीड लिटरहून जास्त पाणी उकळीपर्यंत आणायला ती पुरेल. वेगात उतरलात तर यातला मोठा वाटा वारा घेतो. हळू, ब्रेक सतत धरून उतरलात तर बहुतेक सगळी उष्णता दोन पातळ डिस्कवर येते, आणि त्यातही तुम्ही मागचाच ब्रेक धरत असणार.

म्हणून पहिला उपाय हाताच्या सवयीचा आहे. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, जोरात आणि थोडाच वेळ लावा. मग पूर्ण सोडा. सुटलेल्या काळात डिस्कला वारा लागतो. पुढच्या ब्रेकला घाबरू नका. उतारावर वजन पुढे सरकते, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम तोच करतो. वजन मागे घ्या आणि लिव्हर हळूहळू दाबत न्या, झटका देऊ नका.

दुसरा उपाय म्हणजे ऑइल बदलणे. सायकलच्या ब्रेकमध्ये दोन प्रकारची ऑइल असतात: डॉट (मोटरसायकलच्या ब्रेकमध्येही असते ते) आणि मिनरल. तुमच्या ब्रेकमध्ये डॉट ऑइल असेल तर ते हवेतली आर्द्रता शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. मानकानुसार नवे डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. महाबळेश्वर-वाई भागातला एक पावसाळा काढलेले डॉट ऑइल दरवर्षी बदलावे. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण त्यामुळे निर्धास्त होऊ नका. आत शिरलेले पाणी त्यात मिसळत नाही, ते जड म्हणून सर्वांत खाली, म्हणजे नेमके कॅलिपरमध्ये जाऊन बसते आणि १०० अंशांनाच उकळते. मिनरल ऑइलही दोन वर्षांत एकदा बदला. काळपट किंवा दुधाळ दिसले तर वाट पाहू नका.

पुढे १६० मिमीची डिस्क असेल आणि फोर्क बनवणाऱ्याची परवानगी असेल, तर योग्य ॲडॅप्टर लावून १८० मिमीची बसवा. घाटात राहणाऱ्याने हा खर्च जरूर करावा. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र कधीही ओतू नका, ती वाकू शकते.

प्रश्न : शिमानोच्या ब्रेकचा लिव्हर मऊ झाला होता. गॅरेजमध्ये मोटरसायकलचे डॉट ४ ऑइल भरून दिले. दोन आठवडे ठीक चालला, आता लिव्हर दाबला की परतच येत नाही. ऑइल काढून योग्य ऑइल भरले तर चालेल? (वाचक, पुणे)

नाही, आणि हे उत्तर कडू आहे. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलसाठीच बनतात. त्यांच्या आतली रबरी सील डॉट ऑइलमध्ये फुगतात, मऊ पडतात. फुगलेले सील पिस्टन आवळून धरते, म्हणून लिव्हर परतत नाही. आतून धुऊन काढले तरी बिघडलेले सील पूर्ववत होत नाही. शिमानो कॅलिपरची सील सुटी विकत नाही, त्यामुळे लिव्हर, नळी आणि कॅलिपर असा पूर्ण संच बदलणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तोवर ही सायकल उतारावर नेऊ नका.

उलटी चूकही तितकीच घातक: डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल. कोणते ऑइल, हे बहुधा लिव्हरच्या टाकीवर किंवा कॅलिपरवर लिहिलेले असते. शिमानो, टेक्ट्रो आणि माग्युरा मिनरल ऑइल वापरतात. होपचे ब्रेक डॉटचे, हेजचेही बहुतेक डॉटचे. स्रॅमच्या बाबतीत नावावर जाऊ नका: त्यांचे बरेच ब्रेक डॉट ५.१ चे आहेत, पण डीबी८ आणि मेव्हन हे मिनरल ऑइलचे. डॉट ५ हे सिलिकॉनचे, पूर्णपणे निराळे ऑइल आहे. आकडा जवळचा दिसतो म्हणून ५.१ च्या जागी ते भरू नका. शिलाई मशीनचे तेल, बेबी ऑइल, इंजिन ऑइल यांपैकी काहीही चालत नाही. सायकल गॅरेजमध्ये देताना बाटली आपली आपण न्या, आणि भरताना समोर उभे राहा.

प्रश्न : ब्रेक लावला की कर्कश आवाज येतो आणि सायकल जेमतेम थांबते. लिव्हर टणक आहे. चेनला स्प्रे मारल्यानंतर हे सुरू झाले. (वाचक, रत्नागिरी)

स्प्रेचे तुषार मागच्या डिस्कवर गेले, डिस्कवरून पॅडमध्ये. चेनला नेहमी थेंबाथेंबाने तेल द्यावे आणि जास्तीचे फडक्याने पुसावे, ते यासाठीच.

चाक काढा, पॅड काढा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या. हात धुण्याचे सॅनिटायझर नको. त्यातल्या ग्लिसरीनचा थर डिस्कवर राहतो. प्रत्येक पुसणीला कापडाची कोरी बाजू घ्या, नाहीतर तेल नुसते पसरते. मग बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवा आणि पुन्हा अल्कोहोलने पुसा. पॅडचे म्हणाल, तर रेझिनचा (राळेने बांधलेल्या मिश्रणाचा) पॅड तेल प्यायला की फेकून द्यावा. तो गॅसवर भाजायचा सल्ला सर्रास दिला जातो. रेझिन त्यात जळून भुगा होतो, कधी पत्र्यापासून सुटते. आधी डिस्क स्वच्छ, मगच नवे पॅड. हा क्रम उलटला तर नवेही वाया.

नवे पॅड टाकण्याआधी पिस्टनभोवती ओल आहे का पाहा. लिव्हर पट्ट्याने आवळून रात्रभर ठेवा आणि कॅलिपरखाली पांढरा कागद. सकाळी डाग दिसला, तर तेल स्प्रेचे नसून कॅलिपरमधून गळते आहे.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत साधारण २० वेळा हळू व्हा, मग जास्त वेगातून आणखी १०. मध्ये कुठेही पूर्ण थांबू नका. थांबलात तर पॅडच्या मिश्रणाचा थर डिस्कवर एकाच जागी जाड बसतो आणि ब्रेक थरथरतो. हे टाळणाऱ्यांचे नवे पॅड आठवडाभरात ओरडू लागतात.

प्रश्न : शिमानोचा ब्रेक घरी ब्लीड करायचा आहे. क्रमवार सांगाल का? (वाचक, नाशिक)

सामान: लिव्हरवर बसणारे नरसाळे, सिरिंज आणि पारदर्शक नळी, एका ब्रेकसाठी ५० मिली शिमानो मिनरल ऑइल, दोन पिस्टनच्या मध्ये घालायचा प्लॅस्टिकचा ठोकळा, अल्कोहोल, हातमोजे, पुष्कळ फडकी. कॅलिपरच्या निपलला (ऑइल आत-बाहेर करायच्या छोट्या तोटीला) बहुतेक मॉडेलवर ७ मिमीचा पाना लागतो, काहींवर ३ मिमीची ॲलन की.

चाक आणि पॅड दोन्ही काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. ही पायरी गाळू नका. ब्लीड करताना एक थेंब पॅडवर पडला की वरच्या उत्तरातला सगळा त्रास मागे लागतो. पिस्टन प्लॅस्टिकच्या टायर-लिव्हरने सरळ आत ढकला. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका, सिरॅमिकचा पिस्टन टवका उडून फुटतो. मग ठोकळा घाला.

लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर जमिनीला समांतर करा. वरचा छोटा स्क्रू २.५ मिमीच्या ॲलन कीने काढा. त्याची रबरी रिंग जपून ठेवा. नरसाळे बसवून त्यात थोडे ऑइल घाला. सिरिंजमध्ये ऑइल भरून तिच्यातली आणि नळीतली हवा आधी बाहेर काढा, नळी निपलला लावा आणि निपल पाव फेऱ्याहून कमी उघडा. खालून वर सावकाश ऑइल ढकला. नरसाळ्यात आधी काळपट ऑइल आणि बुडबुडे येतील, मग स्वच्छ ऑइल. निपल बंद करा.

आता सिरिंजच्या जागी रिकामी पिशवी बांधलेली नळी लावा, निपल उघडा आणि ऑइल वरून खाली आपल्या वजनाने उतरू द्या. नरसाळे रिकामे होऊ देऊ नका, नाहीतर हवा पुन्हा आत. नळी आणि कॅलिपर पान्याच्या मुठीने हलकेच ठोका, चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग निपल बंद, लिव्हर दाबून धरा, निपल अर्धा सेकंद उघडा आणि बंद करा, मगच लिव्हर सोडा. असे दोन-तीनदा. शेवटी निपल ४ ते ६ न्यूटन-मीटरने आवळा.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि लिव्हर थोडा मऊ राहतो. उरलेली हवा लिव्हरच्या टाकीत असते. नरसाळे तसेच ठेवून लिव्हर हळूहळू दाबा-सोडा; मग लिव्हर ३० अंश वर, ३० अंश खाली झुकवून पुन्हा तेच. प्रत्येक वेळी एखादा बुडबुडा निघेल. निघायचे थांबले आणि लिव्हर टणक झाला की नरसाळ्याचे तोंड आतल्या दांड्याने बंद करा, नरसाळे काढा, टाकी काठोकाठ भरलेली असतानाच स्क्रू रिंगसह बसवा. तो अगदी हलका आवळायचा, जोर दिला तर आटे जातात. थोडे ऑइल सांडेल, सांडू द्या. सगळे अल्कोहोलने पुसा, मग चाक आणि पॅड. निघालेले ऑइल पुन्हा वापरू नका, नाल्यातही ओतू नका.

डॉटच्या ब्रेकचा क्रम याहून वेगळा आहे, त्याला दोन सिरिंज लागतात. डॉट ऑइल रंग खाते, त्वचेला झोंबते. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

प्रश्न : डिस्क एका बाजूला घासत राहते. (वाचक, ठाणे)

आधी सायकल जमिनीवर उभी करून चाकाचा क्विक रिलीज सैल करा आणि पुन्हा आवळा. बऱ्याचदा चाकच तिरके बसलेले असते. तरीही घासत असेल तर कॅलिपरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने ६ ते ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. मागे पांढरा कागद धरला की दोन्ही बाजूंची फट नीट दिसते. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर डिस्क वाकली आहे. स्वच्छ ॲडजस्टेबल पान्याने ती थोडी थोडी सरळ करता येते.

एकच पिस्टन हलत असेल तर दुसरा मातीने अडकला आहे. चाक आणि पॅड काढा, चालणारा पिस्टन टायर-लिव्हरने धरून ठेवा आणि अडकलेला फक्त १ ते २ मिमी बाहेर येऊ द्या. जास्त आला तर निसटून ऑइल सांडेल. कापसाच्या काडीने त्याची कड अल्कोहोलने पुसा, त्याच ब्रेकच्या ऑइलचा पुसटसा हात द्या, आत ढकला. दोन-चारदा केले की मोकळा होतो.

प्रश्न : रेझिनचे पॅड घ्यावेत की धातूचे? कधी बदलायचे? (वाचक, कोल्हापूर)

चिखलात आणि लांब उतारावर धातूचे टिकतात. लाल मातीच्या पावसाळी चिखलात रेझिनचे पॅड फार लवकर झिजतात. रेझिनचे शांत असतात आणि थंड असतानाही लगेच पकडतात. पण आधी डिस्क वाचा: स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असे कोरलेले असते. अशा डिस्कवर धातूचे पॅड लावले तर ती झपाट्याने झिजते. शिमानोच्या पॅडचा घासणारा थर ०.५ मिमी उरला की बदला. डिस्क नवी असताना १.८ मिमी असते, १.५ मिमीवर बाद.

प्रश्न : एसटीच्या टपावर टाकायला चाक काढले आणि चुकून लिव्हर दाबला गेला. आता पॅडमध्ये डिस्क जात नाही. (वाचक, सावंतवाडी)

काही तुटलेले नाही. सपाट प्लॅस्टिक किंवा लाकडी पट्टी दोन पॅडच्या मध्ये सरकवून त्यांना हळूहळू मागे रेटा. धातूने रेटायचेच तर जुने पॅड आत असताना, पिस्टनवर नाही. चाक बसवल्यावर लिव्हर टणक होईपर्यंत दाबत राहा. पुढच्या वेळी चाक काढताच पॅडमध्ये घडी घातलेला जाड पुठ्ठा अडकवा. सायकल प्रवासात उलटी राहिली असेल तर उतरवल्यावर काही मिनिटे सरळ उभी ठेवा आणि लिव्हर दहा-बारा वेळा दाबा. तरीही तो मऊच राहिला तर टाकीतली हवा नळीत उतरली आहे, ब्लीड केल्याशिवाय आंबोली घाटात जाऊ नका.