कॅशे लावलाय, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहायचं का?

घणसोलीच्या मित्राचा प्रश्न असा: तिकीटदरांचा तक्ता आणणाऱ्या फंक्शनला पायथनचा एलआरयू कॅशे (एकदा आलेलं उत्तर जपून ठेवून पुढच्या वेळी तेच देणारी सोय) लावलाय. ही लायब्ररीच्या आतली बाब, मग डॉक्युमेंटेशनमध्ये कशाला?

लिहाच. आम्ही लिहिलं नव्हतं, त्याची गोष्ट सांगतो. महाप्याच्या ऑफिसात ठाणे–वाशी मार्गावरच्या स्थानकांची लिस्ट देणारं एक फंक्शन होतं, कॅशे लावलेलं. एका सहकाऱ्याने ती लिस्ट घेऊन तिच्या सुरुवातीला “स्थानक निवडा” ही ओळ घातली. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. पण कॅशे प्रत देत नाही, तीच लिस्ट पुन्हा हातात ठेवतो. त्यामुळे स्क्रीन उघडेल तशी एकेक ओळ वाढत गेली. ऐरोली, रबाळे यायच्या आधी कधी तीनदा “स्थानक निवडा”, रिफ्रेश केलं की सातदा! सर्व्हरवर प्रोग्रॅमच्या अनेक प्रती (वर्कर प्रोसेस) चालतात, प्रत्येकीचा कॅशे वेगळा, म्हणून आकडाही वेगळा. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं ठीक. दोन दिवस आम्ही डेटाबेस धुंडाळत होतो. डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे फंक्शनच्या आतच लिहिलेल्या वर्णनात, मात्र एवढंच: “स्थानकांची यादी देते.”

तुमच्याकडे आणखी एक धोका आहे. या कॅशेला मुदत नसते. त्याची मर्यादा मुळात १२८ नोंदींची, वेगळ्या आर्ग्युमेंटला (फंक्शनला दिलेल्या मूल्याला) वेगळी नोंद. पण तुमच्या फंक्शनला आर्ग्युमेंटच नाही, म्हणजे नोंद एकच. तिला बाहेर ढकलणारं कोणी नाही. दर बदलले तरी प्रोसेस चालू आहे तोवर जुनाच तक्ता मिळत राहणार.

मी डॉकस्ट्रिंगमध्ये असं लिहीन:

“पहिल्या कॉलला तक्ता सर्व्हरवरून येतो, नंतर प्रोसेस संपेपर्यंत तोच मिळतो. नवा हवा असल्यास रिफ्रेश() वापरा. ते चालू प्रोसेसपुरतंच लागू होतं. पहिल्याच वेळी एरर आली तर ती साठवली जात नाही, पुढचा कॉल पुन्हा सर्व्हरकडे जातो. मिळालेला तक्ता बदलू नका. बदलायचा तर डीपकॉपी घ्या.”

यात एलआरयूचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. वापरणाऱ्यांना थेट कॅशे_क्लिअर (एलआरयू कॅशे रिकामा करणारं फंक्शन) बोलवायला सांगितलंत, तर उद्या तुम्हाला कॅशेची पद्धत बदलता येणार नाही. म्हणून रिफ्रेश तुमचं स्वतःचं ठेवा, आत काय करायचं ते करा. आणि हे रीडमीत नको, डॉकस्ट्रिंगमध्येच हवं. एडिटरमध्ये फंक्शनवर कर्सर नेला की लोक तेवढंच वाचतात.

आम्ही शेवटी लिस्टऐवजी टपल (बदलता न येणारी यादी) द्यायला लागलो. नावं नुसत्या स्ट्रिंग्ज असल्याने तेवढ्याने भागलं. तुमच्या तक्त्यात डिक्शनरीत डिक्शनरी असणार, तिथे टपलने आतलं बदलणं थांबत नाही, म्हणून डीपकॉपीची (आतल्या सगळ्यासकट प्रत) वरची शेवटची ओळ गाळू नका.