संदर्भसूचीतील सतरावी नोंद

सातारा

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद. खोडशीचा बंधारा आणि कृष्णाकाठची शेती यांवरचा तुझा निबंध मिळाला. विवेचनाबद्दल आपण समक्ष बोलू. हे पत्र केवळ शेवटच्या चार पानांविषयी, म्हणजे संदर्भसूचीविषयी आहे. "सर, ते काम शेवटी एका रात्रीत उरकेन," असे तू फोनवर म्हणाला होतास. स्वल्पविराम, कंस आणि तिरपा ठसा यांचे काम एका रात्रीत उरकते, हे मलाही मान्य आहे. मात्र तुझ्या ३८ नोंदींपैकी ज्या अकरा नोंदींवर मी लाल खुणा केल्या आहेत, त्यांतील फक्त दोन ठिकाणी चूक स्वल्पविरामाची आहे. उरलेल्या नऊ ठिकाणी नोंदलेली माहितीच अपुरी किंवा चुकीची आहे आणि ती मूळ कागद पुन्हा डोळ्यांखाली घातल्याशिवाय दुरुस्त होणार नाही.

आधी सोपा भाग संपवू. ज्या नियतकालिकाला तू निबंध पाठवणार आहेस, त्याला एपीए पद्धतीची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेल्या संदर्भलेखनाच्या नियमांची) सातवी आवृत्ती हवी आहे आणि ती २०१९ साली आलेली आहे. तू मात्र नमुना म्हणून एक जुना शोधप्रबंध समोर ठेवलेला दिसतो, कारण प्रत्येक पुस्तकापुढे पुणे, मुंबई, कोल्हापूर अशी प्रकाशनस्थळे आली आहेत. सातव्या आवृत्तीत ती लिहीत नाहीत. लेखक तीन किंवा अधिक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिले आडनाव आणि 'व इतर' एवढेच येते, सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळी नावे द्यावी लागतात. डीओआय, म्हणजे लेखाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक, पूर्ण दुव्याच्या रूपात द्यावा आणि त्याच्यापुढे पूर्णविराम देऊ नये, कारण तो दुव्याचाच भाग समजला जाऊन दुवा उघडेनासा होतो. याउपर शंका आली तर त्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाच आणि त्यांच्या ताज्या अंकातील एखाद्या लेखाची सूची शेजारी ठेव. सूचना आणि छापील अंक यांत फरक दिसला तर संपादकांना दोन ओळींचे पत्र लिहावे, त्यात कमीपणा नाही.

संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारी झोटेरो ही संगणकप्रणाली वापरतोस ते चांगले करतोस. ते विनामूल्य आहे, आणि उद्या हाच निबंध व्हँकुव्हर पद्धतीने, म्हणजे मजकुरातील क्रमाने आकडे घालून मागितला गेला, तर सगळी सूची काही मिनिटांत बदलता येईल. परंतु त्याला मराठी संस्थांची नावे कळत नाहीत. तुझ्या सूचीत 'संस्था, र. शि.' या नावाचे एक गृहस्थ लेखक म्हणून अवतरले आहेत. ते कोण, हे समजायला मला क्षणभर लागला आणि मग हसू आवरेना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे हे आडनाव आणि आद्याक्षरे! लेखकाच्या रकान्यात नाव आणि आडनाव असे दोन भाग असतात, तेथे संस्थेसाठी एकच भाग निवडावा लागतो. शासनाच्या अहवालांचीही हीच गत झाली आहे; 'शासन, म.' अशा चार नोंदी मी मोजल्या.

आता खरा विषय. तू 'सातारा गॅझेटियर' (जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तिका) एवढेच लिहून थांबला आहेस. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा एकोणिसावा खंड १८८५ सालचा आणि महाराष्ट्र शासनाची सुधारित आवृत्ती १९६३ सालची. दोहोंमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे, पृष्ठांक वेगळे आहेत आणि सिंचनासारख्या विषयावर तर त्यांतील मजकूर दोन वेगळ्या काळांचा आहे. तुझा संपूर्ण युक्तिवाद 'पूर्वी' आणि 'नंतर' यांवर उभा असताना हे मोघम ठेवून चालणार नाही. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचेही असेच केले आहेस. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते हे खरे, परंतु म्हणून प्रत्येक नोंद त्यांनी लिहिली असे होत नाही. बहुतेक नोंदींच्या अखेरीस ज्याने ती लिहिली त्याचे नाव छापलेले असते. लेखक म्हणून ते नाव यावे, त्यानंतर नोंदीचे शीर्षक, आणि मग संपादक, खंड व पृष्ठे.

जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा केवळ शके छापलेले असते. त्यावरून इसवी सन काढताना तू सरसकट ७८ मिळवले आहेस. चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ते बरोबर आहे, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत मात्र ७९ मिळवावे लागतात; महिना छापलेला नसेल तर एकच साल ठामपणे लिहिण्याऐवजी दोन्ही सालांची शक्यता दाखवावी. निबंध इंग्रजीत असल्याने मराठी शीर्षक रोमन लिपीत जसेच्या तसे देऊन त्याचा अनुवाद चौकटी कंसात द्यायचा असतो. तू केवळ अनुवाद दिला आहेस, आणि त्या इंग्रजी नावाने ते पुस्तक कोणत्याही ग्रंथालयाच्या तालिकेत सापडणार नाही. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावरील प्रबंधासाठी ब्राउझरमधील लांबलचक पत्ता उचलू नकोस, त्या पानावर दिलेला हँडल दुवा, म्हणजे न बदलणारा कायमचा पत्ता, घे. तेथे प्रबंधाची प्रकरणे सुट्या फायलींमध्ये असतात, तेव्हा पृष्ठांक फायलीचा न देता प्रबंधावर छापलेला द्यावा.

सतराव्या नोंदीबद्दल मात्र मला जरा रागच आला. १८८५ च्या खंडातील जे वाक्य तू अवतरणचिन्हांत दिले आहेस, ते तू मूळ खंडात वाचलेले नाहीस. एका प्रबंधातून घेतले आहेस, कारण त्या प्रबंधात टंकनाची जी चूक आहे तीच तुझ्याकडेही आली आहे. मी तरुणपणी हेच केले होते. दुसऱ्याच्या तळटीपेतून उचललेला खंड क्रमांक चुकीचा निघाला, समीक्षकाने निबंध परत पाठवला आणि त्यासोबतच्या एका ओळीच्या शेऱ्याने पुढे कित्येक महिने मला झोप लागू दिली नाही. मूळ ग्रंथ मिळतच नसेल तर मजकुरात 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असे स्पष्ट लिहावे आणि सूचीत जे प्रत्यक्ष वाचले तेच घालावे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखन-नमुन्यात उदाहरणादाखल एका काल्पनिक लेखाची नोंद दिलेली होती. अस्तित्वातच नसलेला तो लेख पुढे शेकडो निबंधांच्या सूचींत जाऊन बसला, कारण कोणी नमुन्यातील ती ओळ पुसली नाही, कोणी ती शोधून पाहिली नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तितके असे लेख, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांसह आणि डीओआयसह, रचून देतात. तुझी एकोणतिसावी नोंद मला तशीच वाटते. तिचा डीओआय मी उघडून पाहिला तर तो भलत्याच लेखावर जातो. ती कोठून आली, हे मला लिहून कळव.

१८८५ चा खंड माझ्या कपाटात आहे. त्याची बांधणी खिळखिळी झाल्याने तो मी बाहेर देत नाही, म्हणून रविवारी सकाळी इकडेच ये. येताना सूचीची छापील प्रत आण, आणि तो प्रबंधही.

तुझे
सर