शहर बदलताना पगाराची तुलना: वाचकांचे प्रश्न

महागाई निर्देशांकाचा आकडा पाहून शहर स्वस्त की महाग हे ठरवणारी पत्रे दर महिन्याला येतात, म्हणून त्याच प्रश्नाला या वेळी अधिक जागा दिली आहे.

केंद्र सरकारी नोकरीत मुंबईहून रत्नागिरीला बदली झाल्यास भत्ते कमी होतात का? (महाड)

महागाई भत्ता तोच राहतो. घरभाडे भत्ता मात्र सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत मूळ वेतनाच्या 30 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर येतो. नेमकी रक्कम आपल्या लेखा विभागाकडून लेखी घ्यावी.

मुलगा लोटे येथील कारखान्यात आहे, त्याला पुण्याहून बोलावणे आले आहे. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात पुण्याचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला, तर पुणे अधिक महाग समजावे का? (चिपळूण)

मुळीच नाही. हा निर्देशांक श्रम ब्युरो 88 केंद्रांसाठी काढतो आणि त्यात प्रत्येक केंद्राच्या 2016 मधील किमती 100 धरलेल्या असतात. म्हणजे मुंबईचे 100 आणि पुण्याचे 100 हे मुळातच वेगवेगळ्या रकमांचे आहेत. समजा, एका गावातील खोलीचे भाडे 2,000 रुपयांवरून 3,000 झाले आणि दुसऱ्या शहरातील तशाच खोलीचे 10,000 वरून 14,000 झाले. गावाचा आकडा 150 येईल, शहराचा 140. तरीही शहरात दरमहा 11,000 रुपये जास्तच मोजावे लागतील. त्या त्या ठिकाणची महागाई किती वाढली एवढेच हा आकडा सांगतो, दोन ठिकाणांमधला फरक सांगत नाही. हे वारंवार लिहूनही ऐकीव माहितीवर नोकऱ्या सोडल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्याकडे घर स्वतःचे असते, तांदूळ, नारळ आणि आमसुले घरची असतात. पुण्यात ती सगळी विकत घ्यावी लागतील, शिवाय शिमग्याला आणि गणपतीला गावी येण्याचा खर्च निराळा. मुलाने जिथे राहायचे ठरवले आहे त्याच भागातील भाडे, अनामत, खानावळ आणि प्रवास यांचे दर स्वतः विचारून मांडावेत आणि तो कागद जाणकाराला दाखवावा.

सरकारी सर्वेक्षणात शहरी खर्च ग्रामीण खर्चाच्या पावणेदोनपटीच्या जवळ आहे; मग पगारही तेवढ्याच पटीने मागावा का? (गुहागर)

नाही. 2023-24 च्या सर्वेक्षणातील दरडोई मासिक ग्रामीण 4,122 आणि शहरी 6,996 रुपये हे देशभरातील सरासरी खर्चाचे आकडे आहेत, किमतींचे नव्हेत. ज्याची मिळकत जास्त तो खर्चही जास्त करतो.

एका संकेतस्थळानुसार कुडाळचे 30,000 म्हणजे मुंबईचे 75,000. यावर विसंबावे का? (कुडाळ)

नाही. अशा अनेक संकेतस्थळांवर वापरकर्तेच दर भरतात आणि लहान गावांच्या नोंदी तुरळक असतात. नोकरी मिळवून देणारा मध्यस्थच असे कोष्टक पुढे करत असेल, तर अधिक सावध राहावे.

दोन दिवसांत सही करा, असे कंपनी म्हणते. (देवगड)

घाईने सही करू नये. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला कर्मचाऱ्यामागे येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यात बहुधा मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, त्यामुळे हाती येणारी रक्कम बरीच कमी असते. पगाराचा मासिक तपशील ईमेलने मागवावा, मुदतही लेखी वाढवून घ्यावी आणि तो तपशील सनदी लेखापालाने पाहिल्यानंतरच उत्तर द्यावे.