पावसाळी बेगमीतला कोरडा खाऊ

प्रश्न : आमचे घर चिपळूणच्या सखल भागात आहे. जुलै २०२१ च्या महापुरानंतर आम्ही दरवर्षी मे महिन्यात कोरड्या खाऊचा साठा करतो. परंतु श्रावण येईपर्यंत चिवडा आणि शेव खवट होतात. त्यांऐवजी काय ठेवावे?

उत्तर : तळलेल्या पदार्थांतील तेल हवेशी संयोग होऊन खवट होते आणि कोकणच्या दमट हवेत ते पदार्थ त्याआधीच सादळतात, त्यामुळे चिवडा-शेव हे महिनाभरात संपवायचे जिन्नस समजावेत, बेगमीचे नव्हेत. शिवाय खारट खाण्याने तहान वाढते आणि पुराने वेढलेल्या घरात नेमकी पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असते, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

फुटाणे, खारीक, गूळ यांवर भर द्यावा. पातळ पोहे सर्वांत उपयोगी, कारण पाण्याचा हबका मारून त्यांत गूळ किंवा मेतकूट कालवले की चूल न पेटवता पोट भरते. शेंगदाण्यांचे कूट मात्र आधीपासून करून ठेवू नये, ते फार लवकर खवटते. दाण्यांवर बुरशी दिसली किंवा ते कडू लागले तर सरळ टाकून द्यावेत, कारण बुरशीचे विष धुऊन वा भाजून जात नाही.

एकच मोठा डबा वारंवार उघडल्याने सगळा जिन्नस सादळतो, म्हणून घट्ट झाकणाचे लहान डबे भरावेत, त्यांवर तारीख लिहावी आणि ते माळ्यावर ठेवावेत.