नवऱ्याची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. ठेकेदार पन्नास हजार देऊन सही मागतोय. करावी का? वकील लागेल का?

ताई, सही करू नका. अंगठाही देऊ नका.

२०२१ मध्ये भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझीही उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. मशीन दोन्ही हातांनी बटणं दाबल्यावरच चालायचं, पण त्यातलं एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं होतं. मोकळ्या हाताने माल सरकवला की तासाला नग जास्त निघतात ना, म्हणून. तिसऱ्या दिवशी मालक दवाखान्यात आले. माझा उजवा हात पट्टीत, म्हणून शाईचं पॅड सोबतच आणलेलं. बायको म्हणाली, आधी कागद मोठ्याने वाचून दाखवा. त्यात लिहिलं होतं, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, चाळीस हजार मिळाले, यापुढे तक्रार नाही.’ तिने पॅड मिटून परत दिलं.

आता हिशेब बघा. माझं प्रकरण १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली चाललं. त्यात पगार महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. मी तीस वर्षांचा होतो, तीसला तो २०७.९८ आहे. झाले १८,७१,८२०. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर अनुसूचीत २० टक्के धरलेत, म्हणून ३,७४,३६४ रुपये. शिवाय उपचाराचा खर्च वेगळा, आणि महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. आता तो चाळीस हजारांचा कागद आठवा.

बरं, चुकून सही झालीच असेल तरी खचू नका. कायमच्या अपंगत्वाची एकरकमी तडजोड भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. हक्क सोडल्याचा खासगी कागद कायद्यापुढे टिकत नाही. आणि ‘तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ असं कंपनी म्हणेल. कामगार ठेकेदाराचा असला तरी कंपनीच्या धंद्याचं काम करत असेल तर भरपाईची जबाबदारी कंपनीवरही येते. दाव्यात दोघांनाही प्रतिवादी करा.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की शोधा: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आहे का? दहा किंवा जास्त कामगार आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ते लागू असतं. तसं असेल तर भरपाईचा दावा वेगळा लावता येत नाही, पैसे ईएसआयकडूनच मिळतात: रजेच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के, आणि कायमच्या अपंगत्वाला आयुष्यभर दरमहा. ठेकेदाराने नाव नोंदवलंच नसेल, किंवा अपघाताच्या दिवशीच घाईने नोंदवलं असेल, तरी हक्क जात नाही. फक्त नोंदणीची तारीख आणि अपघाताची वेळ लिहून ठेवा. आमच्याकडे सातच माणसं होती, म्हणून मला कामगार न्यायालयात जावं लागलं.

वकील हवाच, कारण टक्केवारीवरून खरी भांडणं होतात. बोटांचे २० टक्के हा आकडा ठरलेला असला तरी हातकामच बंद पडलं तर कमाईची क्षमता त्याहून जास्त गेली असं मांडता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर गेल्यावर त्याचं नुकसान पूर्ण धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. माझ्याकडे आधी एक वकील ‘मिळतील त्यातले तीस टक्के माझे’ म्हणून आले होते. अशी टक्क्यांची बोली वकिलांना करताच येत नाही. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, फोन १५१००.

अपघात २१ नोव्हेंबर २०२५ किंवा त्यानंतरचा असेल तर प्रकरण १९२३ च्या कायद्याऐवजी नव्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली जाईल, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. दाव्याला दोन वर्षं मिळतात, पण कागद दोन आठवड्यांत गायब होतात. हजेरीचं कार्ड, गेटपास, पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आत्ताच गोळा करा. दाखल करताना ‘घरी दार लागलं’ असं लिहून घेतलंय का ते बघा. माझ्या केसपेपरवर तेच लिहिलं होतं, आणि ते दुरुस्त करून घ्यायला मला चार महिने गेले.