वाचकांचे प्रश्न : सुगंधी, खादीची आणि वाजणारी तिकिटे

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात २००६ सालचे चंदनगंधी तिकीट, २०११ सालचे खादीवर छापलेले गांधीजींचे तिकीट आणि भूतानची तबकडीसारखी गोल तिकिटे आहेत. ती कशी जपावीत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्याकडे आलेला ठेवा फार मोलाचा आहे. भूतानने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली ती तिकिटे म्हणजे खरोखरच्या ग्रामोफोन तबकड्या असून, त्यांवर तेथील लोकगीते, राष्ट्रगीत आणि देशाचा इतिहास ध्वनिमुद्रित केलेला आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने त्या आजही वाजू शकतात. परंतु प्रत्येक वेळी सुईने बारीक खाचा झिजतात, म्हणून वाजवण्याचा मोह आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन. ही तिकिटे स्वयंचिकट असल्याने पाठीवरचा कागद मुळीच सोलू नये.

सुगंधी तिकिटांच्या छपाईत गंध सामान्यतः अतिसूक्ष्म कुप्यांत बंद केलेला असतो आणि चोळल्यावर त्या फुटून तो दरवळतो. साहजिकच, जितके चोळाल तितका तो लवकर सरेल. हे तिकीट इतरांपासून वेगळ्या पाकिटात ठेवावे. शंभर रुपये दर्शनी किमतीच्या खादीच्या तिकिटाला पाणी लागू देऊ नये. कापडाला दमट हवेत बुरशी धरते, त्यामुळे पावसाळ्यात अल्बमच्या डब्यात सिलिका जेलची पुडी अवश्य ठेवावी आणि पीव्हीसीची पाकिटे टाळावीत.